लाल गाईचं काय झालं

नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर मला अमेरिकेत नोकरी करता येत नव्हती आणि दुपारचं घर खायला उठायचं. ओहायोत आम्ही राहायचो तिथून वीस मिनिटांवर परगण्याची एक लहानशी इतिहास संस्था होती. तिला बिनपगारी माणसं हवी होती. काम काय, तर अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं वाचायची आणि टाइप करायची. माझे इंग्रजी उच्चार ऐकूनच नको म्हणतील असं धरून मी गेले. समोर एक निवृत्त शाळाबाई बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "जुनं हस्ताक्षर कधी वाचलंय?"

म्हटलं, वाचलंय, पण इंग्रजी नाही. पुण्यात असताना भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग केला होता. मोडी म्हणजे काय ते तोंडाने सांगता येईना, म्हणून कागदावर काढून दाखवलं. आधी ओळभर रेघ मारायची, मग अक्षरं तिला लटकवत जायची, आणि एक शब्द कुठे संपून दुसरा कुठे सुरू होतो ते वाचणाऱ्याने आपलं आपण शोधायचं. बाई हसल्या. एक फोल्डर माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "मग तुझं जमेल. या माणसालाही पूर्णविराम माहीत नव्हता."

तो माणूस याच परगण्यातला शेतकरी. लिंकनने जुलै १८६२ मध्ये आणखी ३ लाख माणसं मागितली, तेव्हा ऑगस्टमध्ये भरती झालेला. त्याची एकेचाळीस पत्रं, सगळी बायकोला. नाव लिहीत नाही, कारण त्याचे वंशज अजून तिथेच राहतात आणि त्यातले एक आजोबा दर महिन्याला संस्थेत येऊन फुकटची कॉफी पितात.

कामाचे नियम पहिल्याच दिवशी कळले. पेन पिशवीत ठेवायचं, टेबलावर फक्त शिसपेन्सिल. सिनेमात दाखवतात तसे पांढरे हातमोजे घालायला मिळतील अशी माझी हौस होती, तीही फिटली नाही. मोजे घातले की बोटाला कागद कळत नाही आणि कडा फाटतात, त्यामुळे हात धुऊन कोरडे केले की झालं. वाचायचं ते स्क्रीनवरच्या स्कॅनवरून, मूळ कागद अगदी अडलं तरच. आणि मुख्य नियम म्हणजे जसं आहे तसं उतरवायचं. शुद्धलेखन सुधारायचं नाही, सुटलेला शब्द भरायचा नाही, शंका असेल तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह. मग दुसरा माणूस तुमचं टायपिंग स्कॅनशी ताडून बघणार, आणि दोघांचं पटलं नाही तर तिसरा निकाल देणार.

पहिल्या दुपारी मी सात ओळी वाचल्या.

अडचणी भलत्याच निघाल्या. शब्दात दोन 'एस' लागोपाठ आले की त्यातला पहिला तो लांबुळका काढायचा, हुबेहूब 'एफ'सारखा, त्यामुळे 'मिस'चं 'मिफ्स' दिसायचं. तारखेपुढे 'इन्स्ट' असेल तर चालू महिना, 'अल्ट' असेल तर मागचा. आपल्याकडे 'मजकुरी' आणि 'गुदस्ता' शिकावे लागतात, तसंच हे. आणि शुद्धलेखन म्हणजे निव्वळ कान. 'नो' असं लिहिलंय ते 'नाही' की 'माहीत आहे', हे वाक्य मोठ्याने म्हटल्याशिवाय समजायचं नाही. तिथल्या बाकीच्यांची इथेच फसगत व्हायची. इंग्रजी त्यांच्या रक्तात असल्यामुळे डोळा चुकीचं अक्षर परस्पर दुरुस्त करून पुढे जायचा आणि बोटं शुद्ध शब्द टाइप करून मोकळी व्हायची. मी परकी, एकेक अक्षर चाचपडत जाणार. दुसऱ्या महिन्यापासून इतरांचं टायपिंग ताडायला माझ्याकडे येऊ लागलं, आणि याचा मला आलेला गर्व मी लपवला नाही.

पत्राची सुरुवात मात्र ठरलेली. हातात लेखणी घेऊन कळवतो की मी बरा आहे, या चार ओळी पोचतील तेव्हा तूही तशीच सुखरूप असावीस. याच्याच नव्हे, उत्तर-दक्षिण दोन्हीकडच्या हजारो सैनिकांच्या पत्रांत हेच वाक्य, शब्द थोडे इकडचे तिकडे. तिथे सगळे ते वाक्य कंटाळून टाइप करायचे. मला मात्र दर वेळी 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे' आठवायचं. तोफांच्या माऱ्यात सापडलेला मनुष्य असो की कर्ज मागणारा, कुशल आधी. सुरुवात कशी करावी हे ज्याला सुचत नाही, त्याला पूर्वजांनी हात धरायला ठेवलेला कठडाच आहे तो.

हत्तीवर मात्र मी दोन दिवस घालवले. आपण हत्ती पाहिला, असं त्याने जानेवारी १८६३ मध्ये मिसिसिपी नदीकाठून लिहिलं होतं. मला वाटलं, सर्कस असेल. अक्षर चुकलं असेल म्हणून पाच-सहा पर्याय लावून बघितले. शेवटी बाईंना विचारलं तर म्हणाल्या, हत्ती पाहिला म्हणजे लढाई पाहिली, तेव्हाचा वाक्प्रचार आहे. जत्रेतला हत्ती बघायला गाव सोडून निघालेला माणूस, तसा हा. 'टेनेसी क्विकस्टेप' हाही असाच. क्विकस्टेप म्हणजे लष्करी कवायतीतली झपाझप चाल, आणि टेनेसीतली झपाझप चाल म्हणजे जुलाब. त्यात विनोद आहे, पण उत्तरेचे जे सुमारे ३ लाख ६० हजार सैनिक गेले त्यातले निम्म्याहून पुष्कळ जास्त गोळीने नव्हे, तर रोगाने गेले. याच्या पत्रांत लढाईला चार ओळी असतात, आणि कुठल्या तंबूत कुणाला ताप आला याला दीड पान.

एक गोष्ट मला फार विचित्र वाटली. छावणी कुठे आहे, उद्या कुठे जाणार, सेनापती किती मूर्ख आहे, सगळं तो बिनदिक्कत लिहितो. त्या युद्धात सैनिकांची घरची पत्रं पद्धतशीर उघडून तपासायची पद्धत नव्हती. माझे मामा फौजेत होते. त्यांच्या पत्त्यात गावच नसायचं, नुसतं '५६ एपीओ'. आजी पोस्टमनला विचारायची, हे गाव कुठल्या राज्यात येतं?

टपालाचा खर्च हा तर पत्रापत्राचा विषय. साध्या पत्राला तीन सेंट लागायचे. सैनिकाने तिकीट न लावता पाकिटावर 'सैनिकाचे पत्र' असं लिहून अधिकाऱ्याची सही घेतली तरी ते जायचं, जुलै १८६१ पासून तशी मुभा होती. पण मग पैसे घेणाऱ्याने भरायचे. बायकोने पोस्टात चारचौघांत पैसे मोजून पत्र सोडवावं हे याला मंजूर नव्हतं. पगार महिन्याला १३ डॉलर, आणि तोही महिनोन्‌महिने येत नसे. म्हणून पत्रागणिक मागणी : तिकिटं पाठव. १८६२ मध्ये बाजारातून नाणी गायब झाली होती आणि लोक सुट्ट्या पैशांऐवजी तिकिटंच वापरत होते, तेव्हा बायकोलाही ती सहज मिळत नसणार. त्यात खिशात घामाने ती एकमेकांना चिकटायची, याबद्दल त्याने एक अख्खा परिच्छेद चिडून लिहिलाय.

आणि पत्र घरी येत नसे. मला हे माहीतच नव्हतं. तिला पोस्टात जाऊन विचारावं लागायचं. शहरांत पोस्टमनने वेगळे पैसे न घेता घरी पत्र आणून द्यायचं, हे सुरू झालं १ जुलै १८६३ ला. ओहायोतल्याच क्लीव्हलँडमध्ये जोसेफ ब्रिग्ज नावाच्या पोस्ट कर्मचाऱ्याने थंडीत रांगेत ताटकळणाऱ्या बायका पाहिल्या आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. खेड्यांकडे पोस्टमन यायला १८९६ उजाडलं. म्हणजे या बाईने नवऱ्याचं एकेक पत्र पायपीट करून, पोस्टमास्तरच्या चेहऱ्याकडे बघत आणलेलं.

संस्थेत कुणी पाहुणे आले की सलिव्हन बलूच्या पत्राचा विषय हमखास निघायचा. ऱ्होड आयलंडच्या पलटणीतला मेजर. १४ जुलै १८६१ ला त्याने बायकोला पत्र लिहिलं, आठवड्याभरात बुल रनच्या लढाईत तो जखमी झाला आणि पुढे काही दिवसांत गेला. पत्र टपालात पडलंच नव्हतं, ते त्याच्या ट्रंकेत सापडलं. आज मूळ कागद कुठे आहे ते कुणाला सांगता येत नाही, फक्त नकला आहेत. पत्र सुंदर आहे यात वाद नाही. पण बलू वकील होता, भाषेवर हुकमत असलेला. पाहुण्यांना तसलंच काहीतरी आमच्या फोल्डरात हवं असायचं. आमच्याकडे पायमोजे होते, तिकिटं होती, आणि एक लाल गाय होती.

गाय सप्टेंबर १८६२ च्या पत्रात पहिल्यांदा येते. विकू नकोस, हिवाळ्यात दूध लागेल. ऑक्टोबरमध्ये पुन्हा. नोव्हेंबरमध्ये अमुक शेजाऱ्याचं ऐकू नकोस, तो भाव पाडून मागेल. मग डिसेंबरमध्ये जरा नरम : चारा पुरत नसेल तर मला कळव, मग बघू. हे वाचताना मला एसटीडी बूथची आठवण व्हायची. काचेच्या दारापलीकडे कुणीतरी फोनवर बोलतंय, त्याचं सगळं ऐकू येतंय, आणि पलीकडून काय बोलणं चाललंय ते आपण आपल्या मनाने भरतोय. कारण तिची पत्रं नव्हतीच. एकेचाळीस त्याची, तिचं शून्य.

मी बाईंना विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, सगळीकडे असंच. तिच्याकडे पेटी होती, त्याच्याकडे पाठीवरची पिशवी. लढाईआधी सामान उतरवून ढीग घालायचा, परत मिळेल याची खात्री नाही. पाऊस, चिखल. आणि आपण मेल्यावर परक्या माणसाने बायकोची पत्रं वाचू नयेत म्हणून पुष्कळ जण ती आपल्या हाताने जाळायचे.

तेव्हापासून मी एक तक्ता सुरू केला. डावीकडे त्याचं वाक्य, उजवीकडे तिने काय लिहिलं असेल ते. कामाचा भाग नव्हता हा, घरी आल्यावर करायचे. त्यातून हळूहळू एक बाई उभी राहिली. घाबरलेली, एकटी, प्रत्येक बारीकसारीक गोष्ट नवऱ्याला विचारून करणारी. कुंपण कुणाकडून घालून घेऊ, डुकरं कधी कापू, गाय विकू का. मला तिची दया यायची. परदेशात नवऱ्याच्या व्हिसावर बसलेल्या बाईला दुसरं काय सुचणार, असं आता वाटतं.

मधल्या काळात बाईंनी मला सरावासाठी काही छापील पत्रं वाचायला दिली. त्यातलं एक विसरता येत नाही. स्पॉट्सवुड राइस हा मिसूरीतला गुलामगिरीतून सुटून फौजेत दाखल झालेला माणूस. ३ सप्टेंबर १८६४ ला सेंट लुइसच्या बेंटन बराक्समधल्या इस्पितळातून त्याने अजून गुलामगिरीत असलेल्या आपल्या मुलींना पत्र लिहिलं, की जिवावर बेतलं तरी मी तुम्हांला न्यायला येणार. त्याच सुमारास मालकिणीलाही लिहिलं आणि तिला चांगलंच सुनावलं. ही पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात ती कशामुळे? मालक कुटुंबातला एक जण गावचा पोस्टमास्तर होता. त्याने संतापून ती जनरल रोझक्रान्सकडे तक्रारीसोबत पाठवली, आणि सरकारी कागदांत ती टिकली. उत्तरेच्या फौजेत सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. ज्यांना लिहायला-वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत गुन्हा होता, त्यांच्या घरात पत्रांची पेटी कुठून असणार? काहींची पत्रं पेन्शनच्या फायलींत सापडतात. नवरा किंवा मुलगा आपल्याला पैसे पाठवायचा हे सिद्ध करायला विधवांनी आणि आयांनी जवळचं एकुलतं एक पत्र अर्जाला जोडलं, ते सरकारदरबारीच राहिलं.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली हे शाळेपासून पाठ होतं. पण त्या अर्पणपत्रिकेमागे अशी माणसं आहेत हे राइसच्या पत्राने पहिल्यांदा समजलं. आणि एक गंमत त्याच रात्री लक्षात आली. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ ची तीन पत्रं आपल्याकडे आहेत. तिथे उलटं आहे, बायकोचा आवाज ऐकू येतो आणि नवऱ्याचं उत्तर आपण मनाने भरतो.

आता फेब्रुवारी १८६३ च्या त्या पत्राकडे येते. यंग्ज पॉइंट, लुइझियाना. दक्षिणेच्या ताब्यातल्या व्हिक्सबर्ग शहराच्या समोर, नदीच्या पलीकडे उत्तरेचा सेनापती ग्रँट याची फौज चिखलात तळ ठोकून होती. कोरडी जमीन म्हणजे फक्त नदीचा बांध, त्यामुळे तंबूही बांधावर आणि मेलेल्यांना पुरायचं तेही बांधातच. याच हिवाळ्यात त्याने कापसाच्या गठ्ठ्यांबद्दलही लिहिलंय. आमच्या वऱ्हाडातला कापूस नेमक्या याच वर्षांत सोन्याच्या भावाने मुंबईला जात होता. अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून मुंबईत शेअरांचं वेड लागलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. तेव्हा त्या चिखलाशी माझ्या पणजोबांच्या आजोबांचाही काही संबंध होताच म्हणायचा.

यादीत या पत्रापुढे नोंद होती : दोन पानं, आडवं-उभं लिखाण, शाई फिकी, वाचण्यास कठीण. कागद वाचवायला लोक पान लिहून झालं की ते काटकोनात फिरवून त्याच ओळींवर पुन्हा लिहीत. जाळी तयार होते. मी तीन वेळा ते पुढे ढकललं होतं. शेवटी स्कॅनवर काही सुधरेना म्हणून मूळ कागद मागवला, टेबलावरचा दिवा तिरका केला आणि नुसतं बघत बसले.

मोडीच्या वर्गात आम्हांला सांगत, आधी मजकूर वाचू नका, वळण बघा. कारकुनाचं वळण ओळखलं की निम्मं काम झालं. या पानावर उभ्या ओळींतला 'डी' ताठ होता, नेहमीसारखा. आडव्या, फिक्या तपकिरी ओळींतल्या 'डी'ची शेपटी डावीकडे वळून पाठीवर रेलली होती. एकदा दिसलं, मग सगळ्याच 'डी'ना तेच. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

ती त्याची ओळ नव्हती. त्याच्याकडे कागद संपला होता आणि तिच्याच पत्रावर काटकोनात लिहून त्याने तिला उत्तर पाठवलं होतं. तिचं पत्र तिच्याचकडे परत गेलं, म्हणून पेटीत राहिलं.

पुढचे तीन आठवडे त्या दोन पानांत गेले. त्याचं वाक्य आधी उतरवायचं, मग ते डोळ्यांपुढून पुसायचं आणि खालचं वाचायचं. तिचं शुद्धलेखन त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं. स्वल्पविरामसुद्धा. सुरुवातीचं कुशलक्षेम आहे, पण एका ओळीत उरकलेलं. मग कुंपण घालून झालं, डुकरं कापून खारवून झाली, धाकट्याला दात आला, कर भरला. आठवण येते वगैरे काही नाही. निदान मला वाचता आलेल्या भागात तरी नाही. आणि मग गाय.

इथे वाद झाला. मी वाचलं, लाल गाय 'सोल्ड', म्हणजे विकली. ताडून बघणाऱ्या गृहस्थांनी वाचलं 'कोल्ड', म्हणजे गाय गारठली आहे. फेब्रुवारी महिना, ओहायो, गाय गारठू शकते हे मलाही मान्य करावं लागलं. मग दोन्ही पानांतले तिचे सगळे 'एस' आणि सगळे 'सी' कापून एका कागदावर शेजारी शेजारी लावले, अर्थात स्कॅनमधले. बाईंनी भिंगातून पाहिलं आणि निकाल दिला. विकली. पुढच्या ओळीत 'कर त्यातूनच भरला' हे लागल्यावर गृहस्थांनीही हात टेकले.

म्हणजे तिने विचारलंच नव्हतं. तिने कळवलं होतं. त्याच्या मार्चमधल्या पत्रात वाक्य आहे, की गाईच्या बाबतीत तुला योग्य वाटेल ते कर. माझ्या तक्त्यात त्याच्यापुढे मी लिहिलं होतं, 'अखेर परवानगी दिली'. गाय जाऊन महिना झाला होता, ते त्याने वाचलंही होतं, आणि तरी हा परवानगी देत होता. मी घरी येऊन तो तक्ता पहिल्यापासून वाचला आणि उजवीकडचा रकाना सगळा खोडला. ती माझी बाई होती, त्याची नव्हती.

यादीतली नोंद बदलायला फॉर्म भरावा लागला. एकाची दोन पत्रं झाली, दोन लेखक, दोन तारखा. तिच्या नावापुढे संग्रहात पहिल्यांदाच 'लेखिका' असं आलं.

एप्रिल १८६३ नंतर पत्रं थांबतात. पत्रं थांबली की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि पुढे मे-जूनमध्ये व्हिक्सबर्गचा वेढा आहे हे माहीत असतं. ओहायोने आपल्या सगळ्या सैनिकांच्या नोंदी पुढे खंडच्या खंड छापून काढल्या, त्यात मी पलटण, कंपनी, नाव असं करत बोट फिरवलं. तिथे लिहिलं होतं, डॉक्टरी दाखल्यावर अपात्र ठरवून फौजेतून मुक्त. तो घरी आला होता. म्हणून पत्रं थांबली होती.

त्या रविवारी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. आडवी-उभी जाळी, 'डी'ची शेपटी, सोल्ड की कोल्ड, सगळं. आईचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेतात गेलाय. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती आले मग गाईचे?"

मी म्हटलं, तो आकडा वाचता येत नाही. नेमका त्यावरून त्याचा 'प्रिय' आडवा गेलाय.

"घ्या," आई म्हणाली. "तेवढंच नेमकं खोडलं."